तिसऱ्या दिवसानंतरच्या गोळ्या

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात डॉक्टरने दिलेल्या सगळ्या गोळ्या एकट्याने संपवणारा माणूस हलकट समजला जायचा. मी चेष्टा करत नाही. ताप उतरला, ठणका बसला, की तिसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायच्या, पुढच्याला उपयोगी पडतात, असा तिथला नेम होता. खळ लावणाऱ्या एकाने एकदा सात दिवसांच्या गोळ्या सातही दिवस घेतल्या, तर त्याचं नाव पडलं 'गिळ्या'. तो पुढे नोकरी सोडून गेला. नाव मात्र तिथेच राहिलं. कुणी दोन माणसांचा चहा प्यायला की म्हणायचे, "गिळ्या झालास का रे?"

डबा म्हणजे दोऱ्याच्या रिळांचा जुना पत्र्याचा डबा. कागद कापायच्या मशीनमागच्या फळीवर असायचा आणि त्याचा कारभार ते मशीन चालवणाऱ्या कटिंगकाकांकडे. काका आमचे नात्यातले नव्हेत. पण बाबा गेल्यावर ताईला आणि मला कारखान्यात आणलं ते त्यांनी, ताईला शिलाई हात धरून शिकवली ती त्यांनी. सख्ख्या काकाने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तेव्हा यांनाच काका म्हणायला आमची जीभ अडली नाही.

पुस्तक बांधणाऱ्या माणसाच्या हातून काही वाया जात नाही. पुस्तकाच्या कडा कापल्या की निघालेल्या पट्ट्यांच्या चिठ्ठीवह्या होतात. दोऱ्याची टोकं खुणेच्या फितींना जातात. घट्ट झालेली खळ पाणी घालून पुन्हा शिजते. अशा हातांना चांगली गोळी पडून राहिलेली कशी बघवणार? आणि डब्यात टाकणं म्हणजे टाकणं नव्हेच, ते देणं होतं. देणारा दिवसभर हलका होऊन फिरायचा.

गोळ्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. औषधवाला पाकीट कात्रीने कापून द्यायचा, मग नाव अर्धं इकडे, अर्धं तिकडे, तारीख तिसऱ्याच तुकड्यावर. आम्ही रंगावर चालायचो. लाल-पिवळी गळवाला, पांढरी लांबट छातीला, गुलाबी पोटाला. काका डब्यात बोट फिरवून काढून द्यायचे आणि वर म्हणायचे, "तीन दिवस. हावरटपणा करू नकोस."

ताई जुजबंदी करायची, म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून सुई-दोऱ्याने पुस्तकाची पाठ शिवायची. उजव्या हाताने बाहेरून सुई घालायची, डावा हात घडीच्या पोटात. तिथे डोळा पोहोचत नाही. सुई कुठे निघाली ते डाव्या पहिल्या बोटाच्या टोकाला कळतं, ते बोट सुईला धरतं आणि ओढतं. ताईचं ते बोट कारखान्यात प्रसिद्ध होतं. दिवसाला चाळीस पुस्तकं शिवायची. माझं काम घड्या घालायचं, त्याला अक्कल लागत नाही असं मालक माझ्यासमोरच म्हणायचे.

तर सुई त्याच बोटात गेली. नेहमी जाते. या वेळी दुसऱ्या दिवशी बोटाचं टोक टम्म फुगलं, लाल झालं, रात्रभर ठणकलं. काकांनी लाल-पिवळ्या दिल्या. तीन दिवसांत उतरलं. ताईने दोन गोळ्या उरल्या होत्या त्या परत दिल्या.

दहा दिवसांनी पुन्हा फुगलं. पुन्हा तीन दिवस, पुन्हा उतरलं. पण या वेळी पूर्ण नाही, थोडी गाठ राहिली. पंधरवड्याने तिसऱ्यांदा फुगलं, तेव्हा लाल-पिवळ्यांनी काहीच झालं नाही. काका म्हणाले, दुपटीने घे. ताईने दुपटीने घेतल्या आणि उलट्या केल्या. बोट आणखी मोठं झालं.

"ताई, दवाखान्यात चल."

"मालक रजा देणार नाहीत."

"रजा नाही तर नवं बोट देता का, असं त्यांना विचारू?"

"तू विचारू नकोस," ताई म्हणाली. "तू विचारलंस की भांडण होतं."

मी विचारलं. भांडण झालं. रजा मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं, फोटो काढायला पाठवलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बोटाच्या शेवटच्या हाडाची एक कड गुळगुळीत होती आणि दुसरी उंदराने कुरतडल्यासारखी.

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे," मी म्हणाले.

"काय घेतलंत?"

 मी म्हणाले, "लाल-पिवळी."

"लाल-पिवळी काय?"

"डब्यातली."

बाईंनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बोट बधिर करून चिरलं, पू काढला, थोडा एका नळीत घेतला आणि म्हणाल्या, "जंतू हाडात उतरलेत. हे तपासून येऊ दे, मग कुठलं औषध ते ठरवू. एक आधीच सांगते. सहा आठवडे लागतील."

"सहा?" ताई हसली. तिला खरंच वाटलं बाई गंमत करतायत. "माझं तीन दिवसांत उतरतं."

"उतरतं आणि परत येतं. उतरतं ते दुखणं. किती दिवसांची गोळी हे रोग ठरवतो. कशाला तीन दिवस पुरतात, कशाला सहा महिने लागतात. तुमचं हाड आहे. मधेच थांबावंसं वाटलं तर मला येऊन विचारा, बोटाला विचारू नका."

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आणायला मी एकटी गेले. खिडकीत एक बाई बसली होती, हातात मोजे, केसांवर टोपी, तोंडावर कंटाळा. तिने कागद सरकवला. त्यावर आडव्या ओळी आणि पुढे अक्षरं. मी म्हणाले, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठली गोळी चालेल ते कसं कळलं? तुम्ही तर ताईला पाहिलंही नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या खिडकीत तिला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. ती उठली, आत गेली आणि काचेपलीकडून एक झाकणबंद चपटी बशी दाखवली. बशीत फिक्या पिवळट रंगाचं काहीतरी थिजलेलं, त्यावर धुरकट साय धरलेली, आणि सायीवर शर्टाच्या बटणाएवढ्या सहा कागदी टिकल्या.

"ही तुमच्या ताईच्या बोटातली मंडळी. ही सगळी साय म्हणजे तेच जंतू. एकेका टिकलीत एकेक औषध."

काही टिकल्यांभोवती साय नव्हती. स्वच्छ गोल जागा, ओल्या टेबलावरून पेला उचलल्यावर राहते तशी. एका टिकलीभोवती मात्र साय अगदी कडेला येऊन चिकटली होती. टिकलीवर चढायचीच बाकी.

"ही कुठली?"

"तुमची लाल-पिवळी असणार. बहुतेकांची तीच असते."

खरं सांगायचं तर मला ते बघतच राहावंसं वाटलं. आमच्या फळीवरच्या डब्यात जे वर्षानुवर्षं चाललं होतं, ते इथे नागडं दिसत होतं. जंतू आमच्या औषधाला खेटून बसले होते, आणि आम्ही त्यांच्यावर तीन-तीन दिवसांचे हप्ते फेकत होतो.

"म्हणजे ते शिकले? औषध ओळखायला?"

"शिकत नाहीत हो. शाळा आहे का ती?" बाई म्हणाली. "कोट्यवधी असतात, त्यात थोडे निसर्गतःच चिवट. गोळी सुरू झाली की आधी मऊ मरतात. तुम्हाला बरं वाटतं. तुम्ही थांबता. मागे राहिलेल्यांत चिवट जास्त. त्यांची पिल्लं होतात, तीही चिवट. पुन्हा तीन दिवस गोळी, पुन्हा मऊ तेवढे मेले. चार वेळा असं केलं की तुम्हीच चाळण लावून निवडून ठेवल्यासारखं होतं."

"पण ताईने तीनदाच घेतली."

"मग त्याआधी दुसऱ्या कुणी घेतली असेल. जंतू काही एका माणसाच्या मालकीचे नसतात. हात पुसायचं फडकं एकच असेल, की झालं. तुमच्याकडे आणखी कुणाला गळवं होतात का?"

मी घरी येईपर्यंत हाच प्रश्न चघळत होते. हात पुसायचं फडकं आमच्याकडे एकच होतं. सात माणसांना एक.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी एकेकाला धरलं. गळू कधी झालं, किती दिवस गोळी घेतली, परत आलं का. सगळ्यांचं उत्तर एकच. झालं होतं, घेतली, छान बसलं. परत नाही आलं. मी निम्मी हार मानली होती. डबा खरा आणि डॉक्टरीणबाई खोट्या, असं दिसत होतं. मग पुठ्ठे कापणारी बाई सहज म्हणाली, "नंतर मांडीवर झालं ते वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे दुसरं. आधीचं पाठीवर होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 'परत आलं का' असं विचारलं की सगळे नाही म्हणत होते, कारण त्यांच्या लेखी प्रत्येक वेळी नवीनच होत होतं. मी प्रश्न बदलला. वर्षभरात एकूण किती झाली? सातांपैकी पाच जणांना दोनपेक्षा जास्त. काकांना चार.

"काका, हे एकच दुखणं आहे."

"एकच कसं? पहिलं डाव्या काखेत होतं."

"आणि दुसरं?"

"उजव्या."

"तिसरं?"

"तिसरं पुन्हा डाव्या. तू काय वकिली करतेस का गं माझ्या काखेची?"

सगळे हसले. मीही हसले. पण मी विचारलं, "मग गोळी लागू पडते म्हणता ती कशावरून?"

"बसतं की प्रत्येक वेळी."

हेच मी कागद घ्यायच्या खिडकीत जाऊन त्या बाईला विचारलं, कारण मला झोप येईना. तिने सांगितलं, गळू फुटून पू निघून गेला की पुष्कळदा ते आपलं आपण बसतं, श्रेय गोळी घेऊन जाते. म्हणजे डबा बहुतेकांना काहीच देत नव्हता, आणि ज्याला खरंच औषध हवं होतं त्याचं औषध मारून ठेवत होता. एवढी वर्षं एकमेकांचं भलं करत आम्ही सगळे मिळून ताईचं हाड कुरतडत होतो. मला संताप आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून औषधवाल्याकडे जाऊन पाकिटं कापण्यावरून भांडून आले. तो म्हणाला, "तुम्हीच मागता चार-चार." ते खरं होतं, त्यामुळे आणखी राग आला.

ताईचं औषध बदललं. ज्या टिकलीभोवती सर्वांत मोठी मोकळी जागा होती, ते. सकाळी एक, संध्याकाळी एक. दवाखान्यातून एका वेळी चौदा दिवसांच्या अठ्ठावीस गोळ्या मिळायच्या. पहिल्या आठवड्यात ठणका गेला, दुसऱ्यात सूज. ताई पुन्हा शिवायला बसली, डावं बोट बाहेर ठेवून, मधल्या बोटाने सुई शोधत. हळू, पण शिवायची.

तिसरा आणि चौथा आठवडाही मी डोळ्यात तेल घालून गोळ्या बघत होते. सव्विसाव्या दिवशी चार उरायला हव्या होत्या, चारच होत्या. आणि त्याच दिवशी बोट पुन्हा फुगलेलं दिसलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "रोज दोन घेतल्या?"

"हो," ताई म्हणाली.

"एकही चुकली नाही?"

"नाही."

"मी स्वतः मोजल्यात," मी म्हणाले.

बाईंनी पुन्हा बोट चिरलं, पुन्हा नळी भरली. मग हात धुऊन आमच्यासमोर बसल्या. "रोज दोन घेऊनही परत आलं, याचा अर्थ हे औषधही हरलं. आता कागदावरची दोनच औषधं राहिली आहेत, ती फार जड आहेत, मूत्रपिंडाला लागतात. आणि तोवर जंतू पुढच्या सांध्यात गेले तर अख्खं बोट जाईल. त्यापेक्षा टोकाचं हाड काढून टाकू. परवा या."

 वाटेत मी डोक्याला मुंग्या येईपर्यंत विचार करत होते. गोल मोकळा होता. गोळी बरोबर होती. मोजणी बरोबर होती. मग कुठे पाणी मुरतंय? एक तर बशी खोटी, नाही तर मोजणी. बशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मोजणीही मीच केली होती. पण मी काय मोजलं होतं? पाकिटातून गेलेल्या गोळ्या. ताईच्या तोंडात गेलेल्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा काका कागदाचा गठ्ठा मशीनखाली सरकवत होते, हात चांगला वरपर्यंत उचलून. आदल्या आठवड्यात त्यांचा हात खांद्यावर जात नव्हता.

"काख बरी दिसते."

"एकदम. ताईच्या त्या नव्या गोळ्या म्हणजे काय सांगू. तीन दिवसांत चट. लाल-पिवळीच्या तोंडात मारते."

मी घडी घालायची पट्टी खाली ठेवली. "किती दिल्या तिने?"

"बारा," काका म्हणाले. अगदी मोकळेपणाने. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. "मीच म्हटलं, तुझं बसलंय ना, मग कशाला एकटी गिळतेस? हुशार पोरगी. रोज संध्याकाळची मला काढून देत होती."

"आणि तुम्ही बारा घेतल्यात?"

"हॅट. सहा. तीन दिवस. सहा डब्यात आहेत."

मी फळीवरून डबा काढला. काका म्हणाले, "ए, हात धुऊन." मी डबा ताईसमोरच्या टेबलावर उलटा केला. लाल-पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी, कापलेली पाकिटं, अर्धी नावं, आणि त्यात तिच्या सहा, चांदीच्या कागदात नव्या कोऱ्या.

"हे काय ताई?"

ताईने सुई टोचून ठेवली. "त्यांचा हात वर जात नव्हता. तू पाहिलंस ना. मशीन कसं चालवणार?"

"आणि उद्या तुझं हाड कापणार आहेत. डॉक्टरीणबाईंना वाटतंय तू रोज दोन खाल्ल्यास. औषध हरलं असं समजून कापणार आहेत. औषध हरलेलंच नाही, औषध पोटात गेलंच नाही."

आता सगळे उठून आले होते. पुठ्ठ्यांची बाई म्हणाली, "एवढं तोडून बोलायला नको. तिने चांगल्या मनानेच दिल्या."

"चांगल्या मनानेच," मी म्हणाले. "या डब्यात वाईट मनाने टाकलेली एक तरी गोळी आहे का? दाखवा."

 काकांचा चेहरा बदलला. ते ताईकडे वळले. "हाड कापणार? तू मला म्हणालीस बसलंय."

"बसलं होतं."

"मग मला का नाही म्हणालीस की सहा आठवडे घ्यायच्यात?"

ताईने वर पाहिलं. तिला राग फार कमी वेळा येतो; आता आला होता. "काय म्हणणार होते? सहा आठवडे एकटीने? तुम्ही काय म्हणाला असतात, काका?"

 काय म्हणाले असते ते तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"उद्या दवाखान्यात खरं सांगशील?" मी विचारलं. "की काकांची लाज राखायला बोट देशील?"

तिने आपल्या सहा गोळ्या ढिगातून वेगळ्या केल्या. मग म्हणाली, "मला बोट पाहिजे." आणि तेच पुन्हा, काकांकडे बघून, "मला माझं बोट पाहिजे, काका."

"मग घे की," काका पुटपुटले. "मी नाही म्हणतोय का?"

दुसऱ्या दिवशी ताईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. रोज एकच, बारा दिवस, आणि बारा गोळ्या कुणाला दिल्या तेही. मला वाटलं होतं बाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज कापलं असतं." मग त्यांनी मला तपासणीच्या खिडकीकडे पिटाळलं.

मी जवळजवळ पळतच गेले. टोपीवालीने मला ओळखलं आणि न विचारता बशी काचेजवळ धरली. धुरकट साय, सहा टिकल्या. मी ताईच्या औषधाची टिकली शोधत होते, घाबरत घाबरतच, कारण अर्ध्या औषधावर राहून या वेळी तेही हरलेलं असू शकत होतं.

गोल होता.

बाईने पट्टी लावली. "चोवीस मिलिमीटर. मागच्या वेळी पंचवीस होता. एवढा फरक मोजण्यातच पडतो. चालतंय अजून."

"अर्धं औषध खाऊनही?"

"दर वेळी असं होत नाही. या वेळी सुटलात. पुढच्या वेळचं मला विचारू नका."

मी कागद घेऊन वर गेले. हाड राहिलं. बोट आतून धुऊन साफ केलं आणि सहा आठवडे पहिल्या दिवसापासून सुरू झाले. ते सव्वीस दिवस बुडाले. डब्यातल्या त्या सहाही बाईंनी परत घेतल्या नाहीत. कुठे, कशा ठेवल्या होत्या कुणाला ठाऊक, म्हणाल्या.

ते सहा आठवडे कारखान्यात कसे गेले ते सांगते. ताईने गोळी घरी खायचं सोडून दिलं. सकाळी नऊला तिच्या जागेवर, सगळ्यांसमोर, पाण्याचा पेला घेऊन. संध्याकाळची निघता निघता, तिथेच. बोटाची सूज गेली तरी. ठणका गेला तरी. चौथ्या आठवड्यात पुठ्ठ्यांच्या बाईच्या भाच्याचा घसा धरला तेव्हाही. बाईने मागितली नाही, नुसती ताईच्या टेबलाजवळ उभी राहून उसासे टाकत होती. ताईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्याला दवाखान्यात ने. मी येते सोबत." बाई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. खळीवरचा एक जण 'गिळी' म्हणाला. ताईने ऐकलं आणि शिवत राहिली. मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

पाचव्या आठवड्यात काका माझ्या टेबलाशी आले. हात पुन्हा खांद्याखाली अडकला होता.

"ती तुझी टिकलीवाली," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तिच्याकडे जायला रांग कुठून लागते?"

"आधी डॉक्टरीणबाई. काखेतून पू काढतील."

"दुखतं का?"

"काका, चार वेळा फुटलंय ते."

"ते आपलं आपण फुटलं. कुणी फोडणं वेगळं." मग खालच्या आवाजात, "बघू देतात का गं ती बशी? आपलीच?"

"विचारलं तर देतात."

ते गेले. त्यांची बशी मीही पाहिली. ताईच्या जंतूंचीच भावंडं, लाल-पिवळीला तशीच चिकटून बसलेली. काका काचेला नाक लावून दहा मिनिटं उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्याकडून गेलं असेल का तिच्याकडे?" मी म्हणाले, कळायला मार्ग नाही. तेही खरं होतं.

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो खिडकीत जुन्याशेजारी लावला आणि रक्ताचा कागद पाहिला. मग बोट सगळीकडून दाबलं. "आता गोळ्या बंद."

मला वाटलं ताई उठेल. ती उठली नाही. "कशावरून?"

"काय कशावरून?"

"बंद करायच्या हे कशावरून ठरवलंत? दुखत तर दुसऱ्या आठवड्यापासूनच नव्हतं."

बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी आल्या. रक्तातला कुठला आकडा खाली आलाय ते दाखवलं, फोटोतली कुरतडलेली कड कशी बुजलीय ते पेनाच्या टोकाने दाखवलं. ताई एकेक विचारत होती. हे पांढरं काय, हे काळं काय, पुढच्या महिन्यात काय बघायचं, पुन्हा कशाने येऊ शकतं. बाहेर रांगेतला एक जण दार ठोठावून गेला. मी खुर्चीवर मागे बसले होते आणि पहिल्यांदाच मला विचारायला काही उरलं नव्हतं.

"इथे अजून कमी आहे," ताईने फोटोवर बोट ठेवलं.

"ते भरणार नाही. बाकीचं भरलं."

"आणि वाकेल?"

"टोकाचा सांधा अर्धा."

ताईने बोट डोळ्यांसमोर धरलं आणि वाकवून पाहिलं. अर्ध्यावर थांबलं. पुन्हा वाकवलं. तिथेच थांबलं.

"अर्ध्यावर शिवता येतं," ती म्हणाली आणि उठली.